दादाची बाजू

सांगली, १ डिसेंबर १९४६

तीर्थरूप दादांस,

तीर्थरूप लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मनात दुसरे शब्द आहेत, ते मी दुसरीकडे वापरणार आहे. तुमची बहीण बना खुशाल आहे, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी कळवते. इथं मुलींच्या शाळेत शिकवते, गावभागात एका खोलीत राहते आणि कुणाच्या बापाचं खात नाही. आपल्या बापाचंही खात नाही, कारण ते तुम्ही एकटेच खाताय.

पत्राचं कारण मनू. आपल्या समोरची रंगुबाई परवा हळदीच्या गाडीबरोबर बाजारात आली होती, तिच्याकडून कळलं की तुम्ही मनूचं लग्न ठरवताय. फलटणकडची माणसं, उसाचे मळे, मुलगा पलटणीत. वा. मनूला नुकतं चौदावं लागलं. ती माझी मुलगी आहे, दादा. तुमच्या घरात वाढली म्हणून ती तुमची होत नाही. तसं असतं तर मीही त्याच घरात वाढले होते.

मला मनू इथं पाहिजे. माझ्याजवळ राहील, सातवीची परीक्षा देईल, आणि लग्नाचं काय ते मग तिची ती बघेल. तिच्या बापाची आडकाठी नाही; त्यानं दुसरी केली, त्याला आता पोरीचं नावही आठवत नसेल. आडकाठी फक्त तुमची आहे.

आता दुसरी गोष्ट सांगते. मी नाटक लिहायला शिकते आहे. वहिनी हसतील, त्यांना हसू द्या, त्यांना तेवढाच विरंगुळा. इथं आकाराम गुरव म्हणून एक म्हातारे मास्तर आहेत. तरुणपणी नाटक कंपनीत बायकांची कामं करायचे. बोलपट आले, कंपनी बुडाली, मास्तर सांगलीतच राहिले. दर रविवारी सकाळी हळदीच्या वखारीच्या माडीवर ते वर्ग घेतात. फी नाही. शेवटी भडंग आणि गुळाचा चहा मिळतो. आम्ही मोजकीच माणसं आहोत. अडत दुकानातला कारकून सयाजी आहे, आणि जतकडच्या मेंढपाळाचा मुलगा धुळा, तो कॉलेजात शिकतो. मला सगळे 'बाई' म्हणतात आणि बसायला खिडकीजवळची जागा देतात. इतकी चांगली वागणूक मला माहेरी कधी मिळाली नाही, त्यामुळे सुरुवातीला संशयच आला.

मास्तरांनी विचारलं, "बाई, कशावर लिहिणार?" मी म्हटलं, "एका दारावर." मग सांगितलं. तुम्हाला आठवत नसेल म्हणून तुम्हालाही सांगते. बारा वर्षांपूर्वी सासरचा मार खाऊन, मनूला कडेवर घेऊन, मी भर दुपारी आपल्या दारात आले. तुम्ही दार उघडलंत. माझ्या कडेवरून मनूला उचललंत, आत वहिनींच्या हातात दिलंत आणि मला म्हणालात, "पोर आमच्या रक्ताची, ती ऱ्हाऊ दे. तू नांदायला माघारी जा." आणि दार लावलंत. समोर रंगुबाई सुपात दाणे पाखडत होती. तिचे हात थांबले, एवढंच मला दिसत होतं.

मास्तर म्हणाले, "लिहा, बाई. आम्ही आहोत."

तर ते मी लिहिते आहे. चैत्रात आपल्या गावची जत्रा असते. नाटक बसलं की तिथंच करायचा विचार आहे. फलटणचे होणारे व्याही जत्रेला येतीलच, त्यांनाही करमणूक होईल. मनूला पाठवलंत तर नाटक माझ्या ट्रंकेत राहील. नाही पाठवलंत तर पुढं घोंगडं टाकून जागा धरून ठेवा.

लोभ असावा असं शेवटी लिहितात. तो नको, मनूला पाठवा.

बना


सांगली, २२ डिसेंबर १९४६

दादा,

तुमचं कार्ड पोचलं. "नाटक कर न्हाईतर तमाशा कर, मनी यायची न्हाई." एवढंच लिहिलंय. तुमच्याकडून इतकं चांगलं वाक्य येईल असं वाटलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं नाटकात घातलं आहे. उपकार मानते.

गेल्या रविवारी पहिला प्रवेश वाचला. तुम्हाला आवडला असता. तुमच्या मिशीला मी पीळ दिला, हातात आसूड दिला. दर वाक्याला तुम्ही दात खाता. आमच्या वर्गाची एक रीत आहे, ज्याच्यावर आपला राग असेल त्याची वाक्यं लिहिणाऱ्यानंच वाचायची. त्यामुळे मीच तुम्ही झाले. बहिणीचं काम धुळानं वाचलं, इतक्या केविलवाण्या आवाजात की सयाजीला हसू आलं. मीही तुमची चाल, तुमचं खाकरणं, जेवून उठल्यावर काडीनं दात कोरत गोठ्याकडे जाणं, सगळं करून दाखवलं. माडी हसून हसून बेजार झाली. तुमच्यावर इतकी माणसं एकदम हसताना मला जे वाटलं ते सांगत नाही, तुम्हाला झोप येणार नाही.

पण दुसरी एक रीत आहे. वाचून झालं की कुणी चुका काढायच्या नाहीत. आपल्या कानात कुठलं वाक्य राहिलं, तेवढंच प्रत्येकानं सांगायचं. सगळ्यांनी धुळाची वाक्यं सांगितली. तुमच्या कार्डावरचं एक वाक्य सोडलं तर तुमचं काहीच कुणाच्या कानात राहिलं नव्हतं.

मास्तरांनी माझ्या पुढ्यात भडंगाचं ताट सरकवलं. ते कुणाला काही बोलायचं असलं की आधी खायला देतात. म्हणाले, "बाई, हात तुमचा चांगला आहे. पण हा भाऊ दार का लावतो? नुसता वाईट आहे म्हणून? नुसत्या वाईट माणसाला बघून लोक दोन घटका हसतात आणि घरी जातात. त्याचं त्याला पटलेलं कारण त्याला द्या. मग बघा तो कसा उभा राहतो."

मला राग आला. म्हटलं, "त्याला कसलं कारण असणार?"

"विचारा की त्याला," मास्तर म्हणाले. "जिवंत आहे ना?"

तर दादा, विचारते. कारण काय होतं? खरं लिहा, फुशारकी नको. मला तुम्हाला झोडपायचंच आहे, पण फुसका माणूस झोडपून नाव होत नाही.

बना


सांगली, १२ जानेवारी १९४७

दादा,

साताऱ्याहून टाकलेलं पाकीट मिळालं. कचेरीच्या कामाला गेला होतात आणि तिथं निवांत बसून लिहिलंत, म्हणजे वहिनींना दाखवलं नसणार. तुमचं अक्षर अजून वडिलांसारखं आहे. वडील पलटणीतून पत्रं पाठवायचे, ती आईला वाचून दाखवायला घरात कुणीतरी पाहिजे म्हणून त्यांनी मला शाळेत घातलं. त्या शिक्षणाचा तुम्हाला असा जाच होईल असं त्यांना वाटलं नसेल.

तुम्ही लिहिता, "सुला आन लीला दोगी बिनलग्नाच्या हुत्या. नवऱ्याला सोडून आल्याली भन घरात ठिवली असती, तर त्या दोगींस्नी कुनी करून घेतलं असतं? एकीपायी दोगींचा गळा कापू व्हय?"

हे खरं आहे. आपल्या धाकट्या बहिणींची लग्नं त्याच वर्षात झाली, चांगल्या घरी झाली. हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे माझा तुमच्यावरचा राग कमी होत नाही, वाढतो. मूर्ख माणसानं दार लावलं असतं तर मी केव्हाच विसरून गेले असते.

पण खाली तुम्ही आणखी लिहिलंय. "इचारलंस म्हून सांगतो. दार लावलं, पर कडी घातली न्हाई. आत दाराला पाठ लावून हुबा हुतो. वाटलं, तू ढकलशील. ढकललं असतंस तर मी काय आडवलं नसतं. तू ढकललं न्हाईस, बने."

दादा, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. कडी मी ऐकली. आपल्या दाराची लोखंडी कडी कोयंड्यात पडते तेव्हा मागच्या परसापर्यंत ऐकू जाते. ती पडली, तिच्यामागून मनू रडायला लागली, आणि मग वहिनी तिला काहीतरी गोड बोलल्या. मी पायरीवर बसून हे सगळं ऐकलं. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत बसले होते. रंगुबाईनं तांब्या आणून दिला, ती म्हणाली, "जा बाई आता." तेव्हा उठले, ती सासरी नाही, इकडे आले.

आणि तुम्ही इतक्या वर्षांनी, साताऱ्याच्या कचेरीच्या बाकावर बसून, मलाच विचारता की ढकललं का नाहीस?

हे पाकीट मी वर्गात दाखवणार नाही. चुलीत घालणार आहे. मनूला पाठवायचं काय झालं ते लिहा.

बना


सांगली, २ फेब्रुवारी १९४७

दादा,

पाकीट चुलीत घातलं नाही. वर्गात वाचलं.

रीतीप्रमाणे तुमचं मीच वाचलं. सुला-लीलापर्यंत सगळे ऐकत होते. "तू ढकललं न्हाईस, बने" इथं आल्यावर खाली वखारीत हमाल पोती टाकत होते त्यांचे हात काही थांबले नाहीत, पण माडीवर मात्र धुळानं हातातली वही खाली ठेवली. सयाजीनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग कानात काय राहिलं ते सांगायची वेळ आली. सगळ्यांनी तेच एक वाक्य सांगितलं. माझं एकही नाही, तुमचंच.

मी म्हटलं, "पण हे खोटं आहे. कडी होती."

मास्तर म्हणाले, "असेल. तुम्ही तिथं होतात, आम्ही नव्हतो. दोन्ही ठेवा. तिला बाहेर कडी ऐकू येते, तो आत म्हणतो घातली नाही. बघू कसं दिसतं."

आम्ही करून बघितलं. धुळानं वखारीच्या दाराची कडी वाजवली, मग सयाजी तुमचं वाक्य बोलला. दादा, सगळं पडलं. कडी वाजली की तुम्ही उघड खोटारडे ठरता, आणि खोटारडा माणूस दाराला पाठ लावून रडला तर लोक म्हणणार, नाटकी आहे मेला. मग कडी न वाजवता केलं. सयाजी दाराला टेकून उभा राहिला. बाहेर धुळा बसला. दोघांच्या मध्ये नुसतं लोटलेलं दार. माझ्या अंगावर काटा आला. मीच लिहिलेलं, खोटं आहे हे मलाच माहीत असलेलं, तरी आला.

मी कडीचा आवाज काढून टाकला. मास्तरांनी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "बाई, दोन दिवस जाऊ द्या, घाई नको." मी तिथंच शाईनं ओळ खोडली.

हे तुम्हाला का कळवते? तुम्हाला तरी माहीत असावं म्हणून. तुमच्या थापेला मी चांगले कपडे घातलेत. आणखी एक सांगते, हे मास्तरांनाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी घाटावरून चालत घरी आले, तेव्हा मला इतका आनंद झाला होता की वाटेत एकदाही मनूची आठवण आली नाही. जेवायला बसल्यावर आली.

तुम्ही खूश होऊ नका. दार तुम्ही लावलंतच, ते मी काढलेलं नाही. पोर घेतलीत आणि आईला बाहेर ठेवलंत, तेही काढलेलं नाही. ते बघून कुठल्या माणसाचं तोंड वर राहील?

मनूबद्दल तुम्ही अजून काही लिहीत नाही.

बना


सांगली, ९ मार्च १९४७

दादा,

पाटलांचा निरोप आला की यंदा जत्रेत नाटक नाही, कुस्त्या आहेत. पाटलांच्या बांधावर तुम्ही किती खेपा घातल्यात, हे रंगुबाईनं सांगितलं. माझी इतकी धास्ती घेतलीत, बरं वाटलं.

पण नाटक बसलं आहे. पाडव्याला संध्याकाळी इथं बाजारात, अडत्यांनी घातलेल्या मांडवात ते होणार आहे. तुमचं काम सयाजी करतो. माझं काम धुळा करतो. त्यानं मिशी काढली आणि त्याच्या आईनं ते ऐकून दोन दिवस अन्न घेतलं नाही. नाटक चांगलं झालंय. हे मी नम्रपणानं लिहीत नाही. मास्तर परवा तालमीनंतर म्हणाले, "बाई, आमच्या कंपनीला असं नाटक मिळालं असतं तर कंपनी बुडाली नसती." ते माझ्या पाया पडायला वाकले, मी त्यांना धरलं.

आता माझं ऐका. तुम्ही मनूला घेऊन पाडव्याला या. दोघं पुढं बसा. नाटक झाल्यावर तिलाच विचारू, कुणाकडे राहायचं. चार माणसांसमोर विचारू. ती माझ्याकडे म्हणाली तर त्याच पावली तिचं बोचकं माझ्या खोलीवर येईल आणि फलटणला तुम्ही काय निरोप द्यायचा तो द्या. ती मामाकडे म्हणाली तर मी पुन्हा तिचं नाव काढणार नाही.

नाटकाची भीती वाटत नसेल तर या. वाटत असेल तर तसं कळवा, ते कार्ड मी शेवटी लोकांना वाचून दाखवीन.

ती माझ्या पोटची आहे. ते दार एकदा डोळ्यांनी बघितलं की तिला कुणी काही सांगायला नको.

बना


सांगली, ३० मार्च १९४७

दादा,

तुम्ही सगळं बघितलंत, तरी लिहिते. माझ्या बाजूनं, आतून कसं दिसलं ते तुम्हाला माहीत नाही.

मी पडद्याच्या आड नाटकाची वही घेऊन बसले होते, नट अडला तर वाक्य सांगायला. तिथून तुमचा पांढरा फेटा दिसत होता. तुमच्या शेजारी लुगडं नेसलेली एक बाई बसली होती. वहिनींनी सोबतीला कुणाला पाठवलंय असं मला वाटलं. तिनं मान तिरकी केली तेव्हा कळलं की ती मनू आहे. तुम्हीही ऐकताना अशीच मान करता.

पहिला अंक झाला. लोक तुम्हाला शिव्या देत होते. बायकांच्या बाजूनं एकीनं बोटं मोडली. मी अंधारात बसून खुशाल हसत होते. मग दार आलं. सयाजीनं धुळाच्या कडेवरची कापडाची बाहुली घेतली, आत दिली, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. आणि पुढचं वाक्य विसरला.

पंधरा तालमी केलेला माणूस. पाठ असलेलं वाक्य. मी हळूच सांगितलं, "कडी घातली न्हाई." त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. तो माझ्याकडं बघतच राहिला, घाम फुटला होता. मग मी जोरात म्हटलं. माझा आवाज पुढच्या लोकांपर्यंत गेला, हे मला म्हणता म्हणताच कळलं. "कडी घातली न्हाई. वाटलं, तू ढकलशील."

मग सयाजी बोलला, आणि काय बोलला! तुम्ही स्वतः इतकं चांगलं बोलला नसता. बाहेर धुळा पायरीवर बसलेला. बाजारातली सगळी माणसं त्या लोटलेल्या दाराकडे बघत होती. मघाशी बोटं मोडणारी बाई उठून ओरडली, "आगं ढकल की, भवाने! ढकल की गं!" सगळीकडून तेच सुरू झालं. "ढकल! ढकल!" दादा, ते मला ओरडत होते. धुळा लिहिल्याप्रमाणे उठला आणि निघून गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "लय ताठ्याची बाई."

पडदा पडल्यावर लोक सयाजीच्या गळ्यात पडले. एका अडत्यानं त्याला नारळ दिला. तुम्ही कोण आहात हे कुणी सांगितलं देव जाणे, पण तुमच्याभोवतीही माणसं जमली. एक म्हातारा तुमचे हात हातात घेऊन रडत होता. आणि तुम्ही त्याला रडू दिलंत.

मग तुम्ही मनूला घेऊन मागं आलात. मास्तर होते, धुळा लुगडं सोडत होता, सयाजी होता. चार माणसं मीच मागितली होती.

मनू म्हणाली, "आई, तू ढकललं का न्हाईस?"

मी म्हटलं, "कडी होती, मने. मी ऐकली."

"मग नाटकात का न्हाई?"

मास्तरांनी मान खाली घातली. त्या भल्या माणसाला वाटलं असेल, आपलंच काही चुकलं.

"नाटकात तशी बरी दिसत नव्हती," मी म्हटलं. हेच म्हटलं मी, दादा. पोटच्या पोरीला हेच सांगितलं.

ती म्हणाली, "तूच तर आतनं मोठ्यांदा म्हनालीस, कडी घातली न्हाई. आता बोललीस तवा मी आवाज वळिकला की."

तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही एक शब्द बोलायला हवा होता. 'व्हय, कडी हुती' एवढंच. मी तुम्हाला सगळं माफ केलं असतं, मनू दिली असती, लग्न होऊ दिलं असतं. तुम्ही फेट्याचा शेव सारखा करत होतात.

"मी मामाकडंच ऱ्हाती," मनू म्हणाली. "मामा वाट बघत हुता, आई. तूच गेलीस."

मग ती माझ्या पाया पडली. देवळात भेटलेल्या परक्या बाईच्या पडतात तशी, पदर नीट सावरून. पोरगी वळणाची झाली आहे. वहिनींना सांगा.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ठरल्याप्रमाणे मी तिचं नाव काढणार नाही. पण मला एक लिहून कळवा. मला एकटीलाच कळवा, मी कुणाला दाखवणार नाही. कडी होती ना?

बना


सांगली, २७ एप्रिल १९४७

दादा,

तुमचं पत्र आलं. मी विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात नाही. वैशाखातला मुहूर्त आहे आणि आमंत्रण आहे, तेही मला नाही, नाटकाला.

"फलटनच्या पावन्यांच्या कानावर नाटक गेलंय," असं तुम्ही लिहिता. "व्याही म्हंत्यात, असला मामा लाखात एक, त्येच्या घरची पोर डोळं झाकून करावी. लग्नाच्या आदल्या दिशी मांडवात नाटक ठिवायचं म्हंत्यात. मंडळींची जाया-यायची, जेवनाची सोय करतो." आणि खाली, मलाच लिहिलेल्या पत्रात, "बनीला यायचं तर येऊ दे, पर पडद्यामागं बसावं. हळदीला, मांडवात नगं. टाकलेल्या बाईची सावली पोरीवर पडू ने."

तुमच्यापुढे हात टेकले, दादा. मी इतके दिवस तुम्हाला दुष्ट माणूस म्हणून लिहायची खटपट केली, आणि जमली नाही. तुम्ही एका पत्रात ते करून दाखवलंत. मास्तरांच्या वर्गात तुम्हीच यायला हवं होतं.

पत्र मी वर्गात वाचलं. आता माझं काहीच माझ्याकडे राहत नाही. धुळा उठून उभा राहिला, म्हणाला, "बाई, आता कडी घालूया. भर मांडवात घालूया. म्या वाजवतो, आख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी वाजवतो." सयाजी म्हणाला, तो कामच करणार नाही. मास्तरांनी कुणाला गप्प केलं नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मला म्हणाले, "नाटक तुमचं आहे, बाई. तुम्ही म्हणाल तसं करू. नको म्हणालात तर नाही करणार."

मी घरी आले आणि कडी पुन्हा लिहायला बसले. लिहिली. आवाज दारानंतर लगेच घातला, मग भावाच्या वाक्यानंतर घातला, मग अगदी शेवटी घातला. शेवटी घातला तेव्हा चांगलं झालं. खरं सांगते, आधीपेक्षाही चांगलं झालं. वाक्य ऐकून सगळे रडत असताना कडी पडते, आणि लोकांना कळतं. अशी वाजली तर तुमचे व्याही त्याच पावली गाड्या जुंपून माघारी जातील. मनू हळदीच्या अंगानं मांडवात बसून राहील. मग तिला कोण करून घेणार? सुला-लीलाच्या वेळी तुम्ही हाच हिशेब केला होता ना? तोच आता मी केला. तुमच्यासारखाच केला, आणि मला तुमचं बरोबर वाटलं.

ते पान मी फाडलं. कडी वाजणार नाही. निर्धास्त राहा आणि नवा फेटा घ्या.

मंडळी येतील. सयाजीची समजूत मी काढली. मीही येते. सयाजी त्या जागी पुन्हा अडखळेल, त्याला आता तिथं भीती बसली आहे, आणि तुमचं वाक्य सांगायला आत कुणीतरी लागणार. हळदीला येत नाही, मांडवात पाऊल टाकत नाही, पंगतीला बसत नाही. माझं जेवण मागच्या दारी पाठवा.

एकच मागणं आहे. मनूला आई आली म्हणून सांगू नका, ती वहिनींच्या मागं जाऊन उभी राहील. नाटकवाली बाई आली आहे म्हणून सांगा. मग बघायला तरी बाहेर येईल.

बना